बॉल लेफ्टला जाऊ देऊ नका

नीट चालणाऱ्या गोष्टीचा किस्सा होत नाही. पंखा फिरतो आहे, नळाला पाणी येतं आहे, गाडी वेळेवर आली, यात कोणी कोणाला काय सांगायचं? बिघडलेल्या वस्तूचे मात्र किस्से साचत जातात, आणि बिघाड जितका जुना तितका ढीग मोठा. आमचा ढीग दीड वर्षांचा आहे. तोही कशाचा, तर टीव्हीवर खेळायच्या बेसबॉलच्या गेमचा!

आम्ही म्हणजे तिघं. भोयर, घाटोळे आणि मी, ढोके. शाळेपासून भिलाईच्या एकाच ग्राउंडवर बेसबॉल खेळलो. भोयर पिचर, म्हणजे क्रिकेटमधला बोलर समजा. मी कॅचर, बॅट्समनच्या मागं उकिडवा बसून बॉल कुठं टाकायचा याची पिचरला खूण करणारा. घाटोळे लेफ्ट फील्डला, दूर डाव्या कोपऱ्यात. आता भोयरचं पावर हाउस भागात मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे, घाटोळे स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे आणि मी दुर्गला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. तिघांच्याही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. म्हणून दर रविवारी सकाळी कोहक्याला भोयरच्या घरी जमून टीव्हीवर खेळतो.

किस्से सांगण्याआधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती माहीत नसली तर पुढचं सगळं नुसता पोरखेळ वाटेल.

बावीस वर्षांपूर्वी आमची एक फायनल झाली. शेवटची इनिंग. आम्ही एका रननं पुढं. समोरच्यांचे दोन आउट, पण दोन गडी बेसवर, म्हणजे रनच्या वाटेत, उभे. आणखी एक आउट आणि मॅच आमची! बॅट्समननं बॉल उंच उडवला, लेफ्टला. घाटोळे बरोबर खाली जाऊन उभा राहिला. बॉल त्याच्या ग्लव्हमध्ये पडला आणि बाहेर आला. दोन रन निघाले, मॅच गेली. जिंकलेल्या टीमच्या पिचरला पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. ती भोयरला लागली असती असं तेव्हा सगळेच बोलत होते. भोयर मामाच्या दुकानात कुकर उघडायला बसला.

घाटोळे तेव्हा एवढंच म्हणाला, सूर्य डोळ्यात गेला. भोयरनं त्याला आजवर एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. प्लांटच्या कॉलनीत, घाटोळेच्या सेक्टरमध्ये, कोणाचाही मिक्सर बिघडला की हा स्वतः स्कूटरवर पायाशी ठेवून भोयरच्या दुकानात घेऊन येतो. बावीस वर्षं आणतो आहे. शेजाऱ्यांना वाटतं, घाटोळेसाहेब फार परोपकारी आहेत.

*

गेम आला तो घाटोळेच्या घरी. त्याची मुलगी तन्वी पुण्याला नोकरीला लागली आणि तिनं बापाच्या वाढदिवसाला टीव्हीला जोडून गेम खेळायचं कन्सोल पाठवलं. पण घाटोळेच्या घरी टीव्ही एक आणि त्याच्या सौभाग्यवतींच्या मालिका चार. आठ दिवसांत कन्सोल भोयरच्या घरी आलं.

गेममध्ये आपली टीम आपण बनवायची, नावंही आपणच द्यायची. भोयरनं टाइप करायला घेतलं. पिचर भोयर, कॅचर ढोके. लेफ्ट फील्डला काय लिहितो म्हणून घाटोळे वाकून बघत होता. भोयरनं एकेक अक्षर शोधून लिहिलं, घाटोळे.

पहिल्याच मॅचला बॉल उंच उडाला, लेफ्टला. स्क्रीनवरचा घाटोळे धावत आला, बरोबर बॉलच्या खाली उभा राहिला, आणि शेवटच्या क्षणी एक पाऊल पुढं गेला. बॉल त्याच्या पाठीमागं टप्पकन पडला. तो तसाच कमरेवर हात ठेवून उभा!

मग घाटोळे म्हणाला, "नाव बदल बे."

भोयर म्हणाला, "पयले कॅच पकडू दे त्याले. मंग बदलतो."

आम्हाला वाटलं, आपलंच बटण चुकलं. दुसऱ्या मॅचला तेच. तिसऱ्याला तेच. बाकीचे फील्डर आपण नेऊ तिकडं जायचे. हा एकटा मात्र बॉल खाली येताना आपलं ऐकायचंच बंद करायचा. नाव अजून बदललेलं नाही.

*

घाटोळेनं चौथ्या रविवारी एक लांब रजिस्टर आणलं. प्लांटमध्ये कुठलं यंत्र बिघडलं की आधी रजिस्टरमध्ये नोंद करायची. तारीख, वेळ, काय बिघडलं, कोणी पाहिलं, काय केलं. नोंद नाही तर बिघाड नाही, असं त्याचं पक्कं मत.

"लिहून ठेवलं नाही त उद्या कंपनी म्हणन, आमाले कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

तेव्हापासून बॉल पडला की मॅच थांबते. घाटोळे चष्मा लावतो. 'लेफ्ट फील्ड, उंच बॉल, प्रतिसाद नाही.' पिच कोण करत होतं, तेही लिहितो. मग सही करतो. मग आम्ही पुढं खेळतो. एका मॅचला दोन घंटे लागायला लागले.

भोयरच्या बायकोनं, संगीतावहिनींनी, हे तीन आठवडे पाहिलं. चौथ्या आठवड्यात घाटोळे हात धुवायला गेला आणि परत येऊन पाहतो तर 'काय कारवाई केली' या रकान्यात वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पोहे थंड झाले.' खाली सहीसुद्धा!

घाटोळेनं ते खोडलं नाही. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही म्हणाला.

*

मग कंपनीला पत्र लिहायचं ठरलं. इंग्रजी तन्वीचं. ती दिवाळीला आली होती. बाप मराठीत सांगणार आणि ती लॅपटॉपवर टाइप करणार, असं ठरलं.

घाटोळे हात मागं बांधून फेऱ्या मारत सांगू लागला. "लिही. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की..."

"पापा, ऐसा कौन लिखता है?" तन्वी म्हणाली.

"आमी लिहितो. पुढं लिही. आपला जबाबदार माणूस तात्काळ पाठवावा. त्याच्या राहण्या-जेवणाची सोय श्री. भोयर यांच्याकडं होईल."

आतून वहिनी ओरडल्या, "माह्याकडं कायले? तुमच्याकडं ठेवा!"

तन्वीनं काय लिहिलं देव जाणे, पण उत्तर चोवीस तासांत आलं. तक्रार करून खेळावर प्रेम दाखवल्याबद्दल आभार मानले होते आणि पुढं म्हटलं होतं, गेम काढून टाका आणि पुन्हा टाका.

आम्ही काढून टाकला आणि पुन्हा टाकला. त्यात आमचा अर्धा झालेला सीझन पुसला गेला. सगळ्या जिंकलेल्या मॅचेस गेल्या. लेफ्ट फील्डचा घाटोळे तेवढा जसाच्या तसा.

भोयर शांत माणूस आहे. पण त्या दिवशी तो रिकाम्या स्क्रीनकडं पाहत म्हणाला, "माह्या दुकानात बाई कुकर घेऊन आली, शिटी होत नाही म्हणे. अन् मी म्हटलं, घरी जा, कुकर फेकून द्या अन् परत घेऊन या. तर ते बाई मले त्याच कुकरनं मारन का नाही?"

यावर घाटोळेनं आणखी एक पत्र लिहायला सांगितलं. त्याचं उत्तर आलं, की आधीचं उत्तर आपल्याला किती आवडलं ते एक ते पाच ताऱ्यांत सांगा.

*

सहा महिन्यांनी अपडेट आलं! इतकं मोठं, की अख्खी रविवार सकाळ ते उतरतच राहिलं. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसून ती रेघ भरताना पाहत होतो. घाटोळे नवी ढवळी कापडं घालून आला होता. मी विचारलं, आज काही आहे का? तर लाजून म्हणाला, "अरे, दुरुस्त होऊन राहिला ना तो."

अपडेटमध्ये काय काय आलं? गवत हिरवंगार झालं. प्रेक्षकांच्या हातातल्या मक्याच्या लाह्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या. अंपायरला मिशा आल्या. पावसाचे ढग आले. आणि फील्डरांना काळे गॉगल आले!

भोयरनं पहिला बॉल टाकला. नेमका उंच उडाला, नेमका लेफ्टला. घाटोळे पुढं सरकून बसला. स्क्रीनवरचा घाटोळे नवा गॉगल लावून धावत आला, खाली उभा राहिला, एक पाऊल पुढं गेला. टप्प!

"घे बे," मी म्हणालो, "कंपनीनं तुह्या सूर्याचा बंदोबस्त करून देला. आता काय?"

मी नेहमीसारखं चिडवायला म्हटलं होतं. पण घाटोळे हसला नाही. भोयरही हसला नाही. तो माझ्याकडं पाहत राहिला आणि मग उठून पाणी प्यायला गेला. मला माझंच वाईट वाटलं. त्या दिवशी रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही.

*

शेजारचे साहूजी शिडी मागायला आले होते. टीव्ही चालू पाहून टेकले. त्यांना वाटलं, खरीच मॅच चालली आहे. दोनदा बॉल पडल्यावर त्यांना राहवेना.

"ए लइका ल काबर नइ बदलव?" ते छत्तीसगढीत म्हणाले. या पोराला बदलत का नाही?

अगदी बरोबर! आम्हाला सुचलंच नव्हतं. भोयरनं लगेच लेफ्टच्या घाटोळेला बाकावर बसवलं आणि राइटचा माणूस लेफ्टला आणला. हा राइटला असताना एक बॉल सोडत नव्हता. लेफ्टला येताच धावला, उभा राहिला, एक पाऊल पुढं. टप्प. तिसरा आणला. तोही तसाच. एकेक करून अख्खी टीम लेफ्टला उभी करून पाहिली. सगळे घाटोळे निघाले.

साहूजी शिडी घेऊन उठले. दारातून म्हणाले, "आदमी म खोट नइ हे. जगा म खोट हे." खोट माणसात नाही, जागेत आहे.

मी घाटोळेला इतका खूश कधी पाहिला नव्हता. त्यानं साहूजींच्या हातातली शिडी स्वतः घेऊन त्यांच्या घरी पोचवली. परत आला तो भोयरच्या समोर उभा राहून म्हणाला, "ऐकलं ना? जागाच खराब रायते कधी कधी."

भोयर म्हणाला, "रायते ना बाप्पा. रायते."

*

वहिनींचा किस्सा तर आमच्या सगळ्यांच्या नाकाला मिरचीसारखा झोंबलेला आहे.

खेळताना दोन कंट्रोलर असतात. एकानं भोयर पिच करतो, दुसऱ्यानं मी फील्डर हलवतो. त्या दिवशी मला ऑफिसचा फोन आला म्हणून मी कंट्रोलर वहिनींच्या हातात दिला आणि अंगणात गेलो. वहिनी एका हातानं तांदूळ निवडत होत्या. बॉल लेफ्टला उडाला. आणि आतून असा आरडाओरडा झाला की मी फोन तसाच कट केला.

लेफ्टवाल्यानं कॅच घेतला होता!

"वैनी, काय दाबलं तुमी?" घाटोळे हात जोडून विचारत होता. "आठवून सांगा. डावं बटण का उजवं?"

"मी कायले दाबू? मी त तांदूळ निवडून राहिली होती."

मग आम्ही निष्कर्ष काढला, की काहीच दाबायचं नाही. हात वर करून बसायचं. पुढची मॅच आम्ही तशीच खेळलो, तिघंही हात वर करून. चौदा-शून्य हरलो. त्या चौदांत लेफ्टचे दोन बॉल होते, दोन्ही पडले.

वहिनी ताट घेऊन आल्या, आमचे वर केलेले हात पाहिले आणि म्हणाल्या, "पोलीस आले का?"

*

शेवटी उपाय मी काढला. कंपनीनं नाही, प्लांटनं नाही. रेल्वेनं!

आमच्याकडं रुळाच्या एखाद्या तुकड्यात दोष असला की तो दुरुस्त होईपर्यंत गाड्या बंद ठेवत नाहीत. ड्रायव्हरच्या हातात कागद देतात, की अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत गाडी सावकाश ने. याला कॉशन ऑर्डर म्हणतात. रूळ खराबच असतो, पण गाडी सुखरूप जाते.

एका दुपारी ऑफिसात डबा खाऊन मी घाटोळेकडून आणलेलं रजिस्टर चाळत बसलो होतो. वाचता वाचता लक्षात आलं, की भोयर दुकानातून घरी उशिरा यायचा आणि घाटोळे पिच करायचा, तेव्हा लेफ्टला बॉल क्वचितच गेला होता. पानंच्या पानं भरली होती ती भोयरच्या पिचिंगची.

कारण मला लगेच कळलं. कॅचरला कळणारच. उजव्या हाताच्या बॅट्समनला बॉल त्याच्या अंगाजवळ, आत टाकला, तर तो ओढून लेफ्टला मारतो. त्याच्यापासून लांब, बाहेर टाकला, तर बॉल बहुतेक राइटला जातो. आणि भोयरला आत टाकायची सवय. शाळेपासूनची. त्याचा आतला बॉल म्हणजे त्याचा अभिमान होता, आणि दिसायलाही सुरेखच होता.

मी रजिस्टर मिटलं. दोन रविवार मी हे बोललो नाही. का बोललो नाही ते माझं मला माहीत. तिसऱ्या रविवारी घाटोळेचा तोच बॉल पडला, तो चष्मा शोधायला लागला, आणि मला बघवेना. मी खिशातून कागद काढला आणि रेल्वेच्या थाटात वाचला. "कॉशन ऑर्डर. लेफ्ट फील्ड खराब. सर्व पिचरांनी बॉल बाहेर टाकावा. दुरुस्ती होईपर्यंत लागू."

घाटोळे म्हणाला, "अन् दुरुस्ती कधी?"

"ते नाही लिहिलं."

भोयरनं कागद घेतला. वाचायला दोन ओळी होत्या, पण त्यानं पुष्कळ वेळ वाचला. घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ठीक हाय. बाहेर टाकतो."

त्यानंतर आम्ही हरलोच नाही. दीड वर्षात पहिल्यांदा गेमच्या फायनलला पोचलो.

*

फायनल गेल्या रविवारी झाली.

वहिनींनी पोह्यांवर शेव जास्त घातली होती. घाटोळे मांडी घालून खाली बसलेला, ताटली हातात. भोयर पिच करत होता, माझ्या हातात फील्डिंगचा कंट्रोलर. भोयरनं सबंध मॅच बाहेर टाकला. लेफ्टला एकही बॉल गेला नाही. शेवटची इनिंग आली. आम्ही एका रननं पुढं. दोन आउट. आणि बेसवर दोन गडी.

भोयरनं मॅच थांबवली. बोटं दुखतात म्हणाला आणि हात झटकत बसला.

घाटोळे मजेत होता. तोंडात पोहे ठेवूनच म्हणाला, "काय बे ढोके! इतकी सोपी गोष्ट. बाहेर टाका, लेफ्टले येतच नाही. कॅचर त तूच होता ना? मंग त्या दिवशी हे अक्कल कुठं गेली होती तुही?"

हसत विचारलं त्यानं. बावीस वर्षांत त्या दिवसाचं नाव त्यानं स्वतःहून पहिल्यांदा काढलं, आणि तेही हसत.

"गेली नव्हती," भोयर म्हणाला.

"काय?"

"अक्कल. त्यानं ग्लव्ह बाहेरच धरला होता. बाहेर टाक म्हणून दोनदा खूण केली होती मले." भोयर स्क्रीनकडं पाहूनच बोलत होता. "म्या आत टाकला. ते नोकरीसाठी निवडणारे समोर बसले होते ना. मले वाटलं, आतल्यावरच आउट करून दाखवतो. बाहेर टाकला असता त तुह्याकडं बॉलच आला नसता."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

घाटोळेनं माझ्याकडं मान वळवली. "तुले माहीत होतं?"

"हाव."

"तवापासून?"

"हाव."

"मंग बोलला कावून नाही बे?"

काय सांगणार होतो? पहिले काही दिवस वाटलं, भोयर स्वतः सांगेल. मग तो मामाच्या दुकानात बसला आणि वाटलं, याचं जे जायचं ते गेलं, आता कशाला. मग वर्षं गेली, आणि मग सांगायचं कसं हेच कळेना. दोघं माझे मित्र होते आणि मी दोघांपैकी एकालाच वाचवत आलो होतो. एवढं सगळं मनात होतं, आणि तोंडातून निघालं, "तू कधी विचारलं नाही."

म्हटलं आणि लाज वाटली.

मला वाटलं, आता हा उठून जाईल. भोयरलाही तेच वाटलं असणार, कारण त्यानं वाटेतून पाय आवरून घेतले. घाटोळेनं ताटली खाली ठेवली. राहिलेली शेव बोटानं टिपून खाल्ली. हात पँटला पुसले, आधी डावा, मग उजवा. बराच वेळ पुसत होता.

मग त्यानं माझ्यापुढं हात केला. "दे तो इकडं."

मी कंट्रोलर दिला. फील्डिंगचा कंट्रोलर दीड वर्षात त्यानं एकदाही हातात घेतला नव्हता. तो सरकत टीव्हीच्या जवळ गेला, बटणांवर अंगठे ठेवले आणि पाठमोराच म्हणाला, "भोयर, आत टाक."

"अबे घाटोळे..."

"आत टाक म्हणतो ना. येऊ दे लेफ्टले."

भोयरनं माझ्याकडं पाहिलं. मी काही खूण केली नाही.

त्यानं मॅच सुरू केली आणि बॉल आत टाकला.